आण्णांच्या गाडीचं नाक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नगरच्या डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. आण्णांचं हृदय पंचवीस टक्केच चालतंय. या वयात ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्या द्या, मीठ बंद करा आणि त्यांना खूश ठेवा. किती दिवस विचारलं तर म्हणाले, सहा महिने, वर्ष, नाहीतर उद्यासुद्धा. खूश ठेवा म्हणे! माझा बाप दहा महिने माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, त्याला मी खूश कसा ठेवू?

येताना गाडीत दिशाला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, काच वर कर म्हनावं." दिशा माझी पोरगी, दुसरीत आहे. मी हातभर अंतरावर बसलेलो. तिनं मला सांगितलं, मी काच वर केली. हे असं चाललंय आमच्या घरात.

ही डायरी अश्विनीला शाळेत मिळाली होती, ती कोरीच पडून होती. म्हणाली, "तोंडानं बोलता येत नाही ना तुम्हाला, मग लिहा." मास्तरीण बायको केली की हे ऐकावं लागतं. लिहितो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काय झालं होतं ते एकदाचं लिहून टाकतो. जानेवारीत आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन दिवस ते दवाखान्यात होते. आमच्या अंगणात त्यांचा जुना सहा टायरी ट्रक दोन वर्षं उभा होता. पुढं लांब गोल नाक असलेला, शहाऐंशी सालचा. आरटीओचं पासिंग होणार नव्हतं, इंजिन जाम, खाली एकदा नाग निघालेला. मला तिथं शेड टाकायची होती. मी छगनशेठ भंगारवाल्याला फोन केला आणि तासाभरात गाडी ओढून नेली. आण्णा घरी आले, डोळ्याची पट्टी निघालेली, काळा चष्मा. अंगणात उभं राहून म्हणाले, "गाडी कुठंय?" मी म्हणालो, "दिली भंगारात. काय उपयोग होता?"

तेव्हापासून बोलणं नाही. सदतीस वर्षं चालवली त्यांनी ती, मला मान्य आहे. पण मी चुकीचं काय केलं? अश्विनी म्हणते, "'चुकलं' म्हणा एकदा, त्यात तुमचं काय लाख रुपयांचं नुकसान होणार आहे?" अहो पण चुकलंच नाही तर कसं म्हणू! आणि म्हातारं तरी काय, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आण्णा दर शुक्रवारी डबा घेऊन एसटीनं नेवाशाला जातात. देवळात खांबापाशी बसतो म्हणतात. सकाळी नऊला जातात, चारला येतात, आणि येतात ते अगदी ताजेतवाने होऊन. आज येऊन दिशाला मांडीवर घेतलं आणि ट्रकच्या गोष्टी सांगत बसले. मी दाराआड उभा राहून ऐकल्या. बापाच्या गोष्टी चोरून ऐकायच्या, ही आपली पत!

"गाडीचं नाक बघून रस्ता कळायचा," ते सांगत होते. "समदं जग त्या नाकाच्या पल्याड. पुढं नाक असलं की डायव्हरला धीर असतो."

तिथंच माझ्या डोक्यात आलं. नाक!

१० नोव्हेंबर, सोमवार

छगनशेठच्या यार्डात जाऊन आलो, नेवासा फाट्याच्या अलीकडं. गाडी आहे! कागद अडकले म्हणून अजून कापलेली नाही. पार मागच्या कुंपणाला, बाभळीखाली उभी. मला वाटलं होतं गंजून गेली असेल, पण काच पुसलेली, सीट झाडलेलं, डॅशवर उदबत्तीची राख. यार्डातला कोणी राखणदार झोपत असणार आत. फुकटची खोली मिळाली बेट्याला.

माझा बेत असा: गाडी आख्खी आणून उपयोग नाही, ती चालायची नाही. पण तिचं नाक, म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड, जाळी, बंपर, दिवे, हे माझ्या पिकअपला बसवायचं. पिकअप चालती आहे. आण्णांना त्यात शेजारी बसवायचं, समोर त्यांचं नाक, आणि शिंगणापूरपर्यंत एक फेरी मारायची. मग बघू कसे बोलत नाहीत ते. मी फिटर माणूस आहे. मला जे म्हणायचं ते मी लोखंडानं म्हणेन.

कोणाला सांगणार नाही. अश्विनीला तर नाहीच, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गॅरेजात योसेफकाकांना सांगावंच लागलं, डेंटिंग-पेंटिंग तेच करणार. साठीचे आहेत, आण्णांना तरुणपणापासून ओळखतात. ऐकून हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "काकासाहेबांना इचारलंस का?" काकासाहेब म्हणजे आण्णा.

"काका, विचारलं तर मग अचानक कसं होईल?"

"तसं न्हाई रे. तरी एकदा इचार."

म्हातारी माणसं सगळी एका माळेचे मणी. पिकअपच्या मापाला लागलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आण्णांचे पाय सुजलेत. काल जिना चढताना तीनदा थांबले. मी हात पुढं केला, त्यांनी कठडा धरला. माझा हात तसाच राहिला हवेत.

छगनशेठचा फोन. येत्या शनिवारी माणसं मोकळी आहेत, तेव्हा नाक काढून देतो म्हणाला. मी म्हणालो, शेठ, शनीच्या गावाजवळ राहून शनिवारी लोखंड घरी आणू? आण्णांना कळलं तर बोलायचं लांबच, तोंडही बघणार नाहीत. त्यांनी आयुष्यात शनिवारी साधा खिळा विकत घेतला नाही. मग गुरुवार ठरला. योसेफकाका हसले, "आमाला काय, रविवार सोडून कवाबी चालतंय." म्हटलं, तुमचा शनि वेगळा, आमचा वेगळा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाक आणलं! बोल्ट सगळे जाम झालेले, गॅस कटर लावावा लागला. मडगार्ड सुटलं तेव्हा कडकन आवाज झाला, जीव जरा चरकला. नाक निघाल्यावर गाडी बघवेना. तोंड नसलेल्या माणसासारखी दिसत होती. मी तिकडं पाठ करूनच टेम्पोत बसलो. छगनशेठ म्हणाला, कागदही सुटलेत, आता बाकीचं उभं ठेवून काय करू, उद्याच तुकडे करून जालन्याला भट्टीत पाठवतो. मी म्हणालो, पाठवा.

योसेफकाकांनी बॉनेटवरून हात फिरवला. "रविराज, हे नाक लई साफ हाय रे. कुनीतरी तेलाचा बोळा फिरवतंय ह्याच्यावर." मी म्हणालो, यार्डात असतात असे रिकामटेकडे.

आज कित्येक महिन्यांनी भूक लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आण्णा आज दुपारी एकलाच परत आले. डबा कुठंतरी विसरून आले. अश्विनीनं विचारलं तर भिंतीकडं तोंड करून झोपले. दिशा गोष्ट सांगा म्हणाली तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. आता तिच्याशीही बोलणं नाही!

मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हृदयाचा आजार असाच, एक दिवस बरा, एक दिवस वाईट. म्हणजे वेळ कमी आहे. घाई करायला पाहिजे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे काम वाटलं तेवढं सोपं नाही. पिकअपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अरुंद, ट्रकचं नाक दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येतंय. ब्रॅकेट नव्यानं बनवले. आणि उंची! पिकअपच्या सीटवर बसलं तर समोर नुसतं बॉनेट दिसतं, रस्ता गायब. म्हणजे कॅबिन चार इंच वर उचलायची, खाली लोखंडी ठोकळे द्यायचे, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा लांबवायचा, गिअरचंही तेच. एक धागा ओढला की आख्खी गोधडी उसवते.

आण्णा अर्धी भाकरी खातात. काल अर्धीतली अर्धी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आण्णा नेवाशाला गेले नाहीत. या वर्षात पहिल्यांदाच त्यांचा शुक्रवार चुकला. अश्विनीनं दुसरा डबा भरून ठेवला होता. नऊची एसटी गेली तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा आडवे झाले. म्हणाले, "आता तिथं काय ठेवलंय?" हे भिंतीला म्हणाले.

देवावरची श्रद्धासुद्धा उडाली माणसाची. मला फार भीती वाटायला लागली आहे. मी गॅरेजात जाऊन इतकं वेल्डिंग केलं की डोळे चुरचुरतायत.

२ डिसेंबर, मंगळवार

नाक बसलं. तीनदा दोरी लावून बघितलं, सरळ आहे. पण इंजिन तापतंय. पिकअपचा रेडिएटर जाळीपासून हातभर मागं राहतो, वारं आडवं तिडवं निघून जातं. पत्र्याचा बोगदा करून जाळीपासून रेडिएटरपर्यंत नेला, मग काटा खाली आला. पुढचे स्प्रिंगचे पाटे वजनानं बसले होते, दोन वाढवले. सगळं जमतंय. माझ्या हातून जे जे होतं ते सगळं जमतंय. घरीच काही जमत नाही.

आज आण्णांना मी स्वतः गोळ्या दिल्या. हातातून घेतल्या, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पाणी प्यायलं आणि ग्लास अश्विनीकडं दिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेर मला म्हणाले, "औषध आपलं काम करतंय, पण त्यांची स्वतःची इच्छा दिसत नाही. काही झालंय का घरात?" मी म्हणालो, काही नाही. अश्विनी माझ्याकडं बघत होती. आत गेल्यावर म्हणाली, "काही नाही? खरंच काही नाही?" मी ताट तसंच सोडून उठलो.

फक्त चार दिवस द्या देवा. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरून झाली, लाल हात मारला, नाकावर पांढरा पट्टा राहिलाय, आण्णांच्या गाडीला होता तसा. चार दिवस.

९ डिसेंबर, मंगळवार

झाली! योसेफकाका म्हणाले, त्यांच्या उभ्या आयुष्यात असं काम झालं नाही. चालवून आलो, सीटवर बसलं की समोर तेच नाक. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बघायचो तेच. रस्त्यात गाडी बाजूला घेतली आणि रडलो, लिहायला काय लाजायचं. परवा, गुरुवारी, घरी नेतो.

१० डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहितो.

दुपारी गॅरेजात एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. म्हणाली, "घोडेगावचा रविराज फिटर तुमीच का? मी कडूबाई, छगनशेठच्या यार्डात राखनीला असते." तेवढ्यात तिची नजर पिकअपवर गेली आणि ती जागीच थबकली. "हे तर बाबांचं नाक!"

मी म्हणालो, "कोण बाबा?"

"मला काय म्हाईत कुठलं हायेत. दर शुक्करवारी यायचे. गाडी पुसायचे, उदबत्ती लावायचे, सीटवर बसून भाकर खायचे. मला बी अर्धी द्यायचे. हातात स्टेरिंग धरून बसायचे, कुठं कुठं जाऊन आल्यावानी सांगायचे. म्हनायचे, आता नव्या डोळ्यानं समदं दिसतंय, पन बघायला गाडीच न्हवती, ती हिथं घावली."

मी हातातला पान्हा खाली ठेवला. बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

"तुमी नाक नेलं त्या दिशी मी भयनीकडं गेल्ते. दुसऱ्या दिशी बाबा आले. कुंपनापाशी लई येळ उभे हुते. मग तसेच चढून सीटवर बसले. कटरवाले म्हनले, आजोबा, उतरा. ते उतरंनात. मग दोघांनी धरून उतरवलं त्यांना. डबा तितंच राह्यला. तीन आठवडे होत आले, येत न्हाईत. शेठ म्हनले, बाबा ज्या अंगानं एसटीनं यायचे, नाक नेनारा बी त्याच अंगाचा हाय, त्याला इचार, वळखत असंल."

पिशवीतून तिनं डबा काढला. घासून लख्ख केलेला. झाकणावर नाव कोरलेलं, काकासाहेब. ते मीच कोरून आणलं होतं, माझ्या लग्नात.

"भाकरी तशीच हुती आत," ती म्हणाली. "मी कुत्र्याला घातली. तुमी वळखता का बाबांना?"

म्हणालो, "माझा बाप आहे."

कडूबाई माझ्याकडं बघत राहिली. मग डबा माझ्या हातात देऊन गेली. योसेफकाका तोंड फिरवून फडक्यानं हात पुसत होते, पुसतच होते.

शनिवारी आणलं असतं नाक तर आदल्या दिवशी, शुक्रवारी, आण्णा धड गाडीपाशी बसले असते. कडूबाईही असती. कोणीतरी कोणाला तरी सांगितलं असतं. नाही, हेही खोटं. हे सगळं शनीवर ढकलायला मी बसलोय. मी विचारलं असतं तर. एवढंच होतं. एकदा जानेवारीत, एकदा आता. दोन्ही वेळा मला फक्त विचारायचं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

पिकअपवर ताडपत्री टाकून गॅरेजातच ठेवली. घरी बसनं आलो. आण्णांच्या पलंगाशी खाली बसलो, डबा समोर ठेवला. त्यांनी तो बघितला, मग मला बघितलं. त्यांना सगळं कळलं.

चाळीस वर्षांचा बाप्या, पोरासारखा हुंदके देत बसलो. मग म्हणालो, "आण्णा, माझं चुकलं. मी विचारलं नाही. तेव्हा पण नाही, आता पण नाही. नाक मीच कापून आणलं. तुम्ही बोलावं म्हणून."

त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीकडं कूस वळवली. मी तिथंच बसून राहिलो. अश्विनी दारात उभी होती. तिनं 'बैल गेला नि झोपा केला' असं काही म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत बसलो. काही नाही.

आता काही नाही. हे असंच संपणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहा घेऊन गेलो. आण्णा उशीला टेकून बसले होते. मी कप ठेवून वळलो आणि मागून आवाज आला.

"इचारलं असतंस तर मीच दिली असती."

मी वळलो नाही. वळलो तर थांबतील असं वाटलं.

"शेडच टाकायची हुती ना तुला. म्या बी म्हनत हुतो, पोराला जागा पायजे. डोळा बरा झाला की तुला म्हननार हुतो, चल, दोघं मिळून सोडून येऊ तिला. शेवटचं स्टेरिंग मी धरलं असतं, तू पुढनं ओढून न्हेली असतीस. कोनी सांगितलं हुतं मला न इचारता न्ह्यायला?"

"कोणी नाही, आण्णा."

"मंग?"

चहा निवला. मग म्हणाले, "घेऊन ये ते. बघू तरी दे काय वाट लावलीस तिची."

मी आणि योसेफकाकांनी पिकअप अंगणात आणून लावली, जिथं ट्रक उभा असायचा तिथंच. आण्णांना खुर्चीत बसवून बाहेर काढलं. उन्हात त्यांचा चेहरा केवढा लहान झालेला दिसला. काठी टेकत उठले, अश्विनीनं धरलं होतं. नाकाला पुढून हात लावला. मग डाव्या मडगार्डवर, मग जाळीवर. ताप बघतात तसा उलटा हात. दिशा म्हणाली, "आजोबा, तुमची गाडी!" ते म्हणाले, "न्हाई बाळा. तिचं तोंड हाय फक्त." योसेफकाकांनी टोपी काढली.

मग खुर्चीत बसले, दम लागला होता. एक डोळा मिटून गाडीकडं बघत राहिले.

"नाक डावीकडं गेलंय."

"नाही आण्णा, तीनदा दोरी लावलीय."

"परत लाव."

लावली. तीन सूत डावीकडं, म्हणजे जेमतेम अर्धं बोट. तीन सूत! गॅरेजाची फरशी उताराची, मी उताराला सरळ धरून बसलो होतो. मापानं नाही सापडलं ते त्यांनी खुर्चीतून नुसतं बघून काढलं.

डावे दोन्ही ब्रॅकेट कापून नव्यानं लावल्याशिवाय इलाज नाही. मी पिकअपमधून गॅस कटर काढला, नळी सोडवली, चष्मा डोळ्यावर ओढला. तसाच थांबलो. चष्मा वर केला आणि त्यांच्यापाशी गेलो, खाली बसलो.

"आण्णा, कापू का?"

त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. श्वास लागला होता, तो खाली बसेपर्यंत थांबले. मीही थांबलो.

"काप," म्हणाले. "पन माझ्यासमोर काप."